सही कर, पण पावती घे

सही करायला काही हरकत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांत डोक्याने ऐकशील. युनियनचा फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेव. आज देऊ नकोस, परवा दे. मधल्या वेळात मी सांगते ते नीट समजून घे.

तुझी आई घाबरली आहे, आणि तिचं घाबरणं मला पटतं. आपल्या मनवेलपाड्यात, फुलपाड्यात, विरार पूर्वेच्या कितीतरी चाळींत अशी घरं आहेत की जिथे गिरणी संपाचं नाव काढलं तर बोलणं तिथेच थांबतं. लालबाग-परळची खोली विकून, गावाला काही महिने काढून, मग कुठेतरी परवडतंय म्हणून विरारची गाडी धरलेली माणसं ती. तुझे आजोबा त्यातलेच. तुझ्या आईने लहानपणी जे पाहिलं, ते तिच्या अंगात आहे. 'आमच्या बाबांनी युनियन केली आणि घर बसलं', एवढंच ती म्हणते. तिच्याशी वाद घालू नकोस बाय. त्या संपाकडे मी येणारच आहे, कारण तुझ्या फॉर्मशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी पोलिसांची भीती. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने तुला सांगितलं ना, 'असल्या भानगडीत पडलीस तर केस होईल'? नुसती युनियन केली म्हणून केस होत नाही. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमात लिहिलेला आहे. पण त्या माणसाचं बोलणं अगदी हवेतलंही नाही. शंभर वर्षांपूर्वी ते खरं ठरलं असतं.

मद्रासला बकिंगहॅम अँड कर्नाटिक नावाच्या गिरण्या होत्या, बिन्नी कंपनीच्या. तिथल्या कामगारांचं एक मोठं दुखणं होतं जेवणाच्या सुट्टीचं. सुट्टी इतकी थोडी की हात धुऊन डबा उघडेपर्यंत परत यायची वेळ. (तुमच्या गाळ्यात एकच बाथरूम आणि अर्ध्या तासाचा ब्रेक, म्हणजे तुला हे वेगळं समजावायला नको.) १९१८ च्या एप्रिलमध्ये तिथे मद्रास लेबर युनियन उभी राहिली. अध्यक्ष झाले बी. पी. वाडिया. मूळचे मुंबईचे पारशी, ॲनी बेझंटबाईंच्या वर्तुळातले. १९२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा कंपनी थेट हायकोर्टात गेली. तक्रार अशी की, आमच्या कामगारांनी आमच्याशी केलेला करार मोडावा म्हणून या लोकांनी त्यांना फूस लावली. कोर्टाने वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि वर नुकसानभरपाईचा हजारो पौंडांचा बोजा बसला. शेवटी वाडियांनी युनियनशी संबंध सोडायचा, या बोलीवर प्रकरण मिटलं. म्हणजे बघ, दावा दगड मारल्याचा किंवा यंत्र फोडल्याचा नव्हता. 'सगळ्यांनी मिळून काम थांबवा' एवढं म्हणणंच अंगाशी आलं.

त्यावर आपल्याकडचे ना. म. जोशी दिल्लीच्या विधिमंडळात उभे राहिले. गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगचं काम करणारे, कोकणातल्या गोरेगावचे. १९२१ मध्ये त्यांनी ठराव मांडला की, कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करा. मालकांच्या संघटनांनी पुष्कळ खळखळ केली, तरी १९२६ मध्ये ट्रेड युनियन्स ॲक्ट झाला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. त्यातली दोन कलमं महत्त्वाची, १७वं आणि १८वं. नोंदलेल्या युनियनच्या सभासदांनी आपल्या रास्त मागणीसाठी एकत्र यायचं ठरवलं, तर तो फौजदारी कट धरायचा नाही. आणि संपामुळे करार मोडला म्हणून त्यांच्यावर दिवाणी दावाही लावायचा नाही. मद्रासला जो फास पडला, तोच नेमका इथे सोडवला होता. तो कायदा आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत विरघळला, पण हे संरक्षण टिकलं आहे.

यातला एक शब्द मात्र तुझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेव. नोंदलेल्या. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, त्याला 'एकजूट' नाव दिलं आणि वाघाचा फोटो लावला, तर युनियन होत नाही. आणि मारहाण, तोडफोड, गेटवर कुणाला कोंडून ठेवणं, याला कुठल्याच कायद्याचं छत्र नाही. रागाच्या भरात एखादा पोरगा काचेवर दगड मारतो आणि सगळ्यांची नावं एफआयआरमध्ये जातात. तसा पोरगा प्रत्येक गाळ्यात असतो. त्याला आधीच ओळखून ठेवा. कधीकधी तो मालकाचाच निघतो.

कागदाचं मी इतकं का लावून धरते, असं तुला वाटेल. मी आमच्या छोट्या युनियनची खजिनदार होते ना, त्याचं हे खूळ. पण खरं कारण नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू' चालवणारे. १८८४ मध्ये, म्हणजे कायदा व्हायच्या बेचाळीस वर्षं आधी, त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या. ज्या काळात बाईने उंबऱ्यात बोलणंही जास्त वाटायचं, त्या काळात! त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो, तो रविवार तिथून आला.

पण पुढे १८९२ च्या सरकारी अहवालात या संघटनेबद्दल काय नोंदलं गेलं माहीत आहे? की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, म्हणून संघटित संस्था म्हणून ती अस्तित्वातच नाही. दहा हजार माणसं मैदानात उभी करणाऱ्या माणसाच्या कामावर एका वाक्यात पाणी! लोखंड्यांच्या थोरवीत त्यामुळे तसूभर उणं होत नाही, ते १८९७ मध्ये गेले तेही प्लेगच्या धामधुमीत लोकांसाठी राबत असताना. पण सरकारला, मालकाला तुला नाकारायचं असलं की ते पहिल्यांदा यादी मागतात, वही मागतात, घटना मागतात. ती दे त्यांच्या हातात.

आता तुझ्या आजोबांचा संप. इथे जरा थांबते, कारण लोक याचं खापर एकतर संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर फोडतात नाहीतर मालकांवर, आणि मधली गोष्ट कुणी सांगतच नाही.

नोंदणी मिळाली म्हणजे मालकाने तुमच्याशी बोललंच पाहिजे असं नव्हतं. १९२६ च्या कायद्याने युनियनला जिवंत राहायची परवानगी दिली, टेबलापाशी खुर्ची दिली नाही. त्या खुर्चीला मान्यता म्हणतात. डॉक्टर आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे अशा दुरुस्तीचं विधेयक आणलं. ते रेंगाळत १९४७ मध्ये मंजूर झालं आणि मग कधी अंमलातच आलं नाही! कायदा झाला आणि कपाटात राहिला.

मुंबईत मात्र १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टने गिरण्यांसाठी वेगळीच व्यवस्था केली. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. ती म्हणेल तोच करार. कापड गिरण्यांत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांचा त्यांच्यावर विश्वास उरला नाही, बोनसवरून डोकी तापली, तेव्हा १९८१ च्या दिवाळीच्या सुमाराला कामगार स्वतः घाटकोपरला डॉक्टर सामंतांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्यांची पगारवाढीची मागणी सगळ्यांना आठवते. पण तो १९४६ चा कायदा रद्द करा, ही मागणीसुद्धा तितकीच मोठी होती. अडीच लाख माणसं ज्याच्या मागे, त्याला कायद्याने बोलायचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार, त्याच्या मागे माणसं नाहीत. सरकार त्या कायद्याच्या मागे उभं राहिलं, मालक गप्प बसून राहिले. त्यांना तरी घाई कुठे होती, जमिनीचे भाव वाढतच होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला, आणि माणसं विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे सरकली.

सामंतांच्याही चुका होत्या, मी त्यांची आंधळी भक्त नाही. एवढा लांब संप पेलायला निधी लागतो, माघारीची वाट ठरवलेली असावी लागते, आणि तिथे दोन्ही कमी पडलं असं माझं मत आहे. पण आई जेव्हा 'युनियनने घर बसवलं' म्हणते, तेव्हा तिला एवढं सांग की, आजोबांना हवी ती युनियन निवडायचीच मुभा नव्हती. घर त्याने बसवलं. सांगशील? हळू सांग. जेवताना नको.

महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, लोक त्याला नुसतं 'पल्प ॲक्ट' म्हणतात. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तीस टक्के सभासद दाखवून मान्यता मिळवायची वाट त्याने काढली, आणि मालकाच्या कुठल्या वागण्याला अनुचित प्रथा म्हणायचं ते लिहून दिलं. आमची पिढी त्याच्यावर लढली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्याबद्दल कामगार संघटनांमध्ये राग आहे आणि तो फुकाचा नाही. पण तुला आजच्या आज तिच्यातच जगायचं आहे, म्हणून कामापुरतं सांगते.

नोंदणीला किमान सात जणी लागतात. शिवाय एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यात जे कमी असेल तेवढे सभासद हवेत. तुमच्या गाळ्यात चाळीस बायका आहेत असं धर. दहा टक्के म्हणजे चार, पण सातांच्या खाली जाता येत नाही, म्हणून सात. म्हणजे तू, तुझ्या लाइनवरच्या तिघी आणि पॅकिंगमधल्या तिघी. झालं! वालीव, सातिवली, गोखिवरे इथे एकाच धंद्याचे कितीतरी गाळे आहेत. सगळ्यांची मिळून एक युनियन केली तरी चालते, तेव्हा शंभर जणी पुरतात. मला विचारशील तर हाच मार्ग बरा. एका गाळ्याची युनियन मालक महिनाभरात ओळखून मोडतो.

बोलायची खुर्ची हवी असेल तर गणित अवघड आहे. एकच युनियन असेल तर, नियमातली अट पुरी केल्यावर, तिलाच बोलणी करायचा हक्क. जास्त असतील तर मस्टरवरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणाकडेच नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून परिषद बसते. इथे 'मस्टर' हा शब्द फसवा आहे. तुझं नाव कंपनीच्या मस्टरवर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या? पगाराची स्लिप काढून बघ, पीएफच्या खात्यावर कुणाचं नाव येतं ते बघ, ईएसआयच्या कार्डावर बघ. तुमच्यातल्या निम्म्या जणी कॉन्ट्रॅक्टरच्या, आणि त्यातल्या काहींना वर्षातून एकदा ब्रेक देऊन पुन्हा नव्याने घेतात. हे आधी कागदावर मांडल्याशिवाय कुणाशी बोलायला जाऊ नका.

आणि एक चूक करू नका, जी प्रत्येक गाळ्यात कुणाला तरी सुचतेच: 'संप नको गं, आपण सगळ्या मिळून एक दिवस रजा टाकू.' नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तो संपच धरतात. आणि संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते. नोटिशीशिवायचा संप बेकायदा, त्यात कामगाराला एक हजार ते दहा हजारांचा दंड, शिवाय महिन्यापर्यंतची कैदही होऊ शकते. आईने तुझ्यासाठी ठेवलेल्या भिशीचे पैसे त्यात घालू नकोस. मला ही तरतूद मुळीच पटत नाही. १९३८ मध्ये संपाला शिक्षा ठरवणारं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आलं, तेव्हा आंबेडकर म्हणालेच होते की, माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावायचं आणि नाही केलं तर शिक्षा करायची, ही गुलामी झाली. ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध एक दिवसाचा संपही झाला. पण न पटणारा कायदा मोडायचा असेल तर सगळ्यांनी जाणूनबुजून, तयारीनिशी मोडावा. माहीत नव्हतं म्हणून मोडला, यात काही शौर्य नाही.

सही दिलीस की मालकाच्या बाजूने काय काय होईल तेही ऐक. आधी कुणीतरी गोड बोलेल. मग एकदम पगार वाढवतील, तोही नेमका सभासद होण्याच्या ऐन दिवसांत. घे तो. नाकारायचा कशाला? पण तारीख लिहून ठेव, कारण युनियन मोडावी म्हणून मोक्याच्या वेळी दिलेली पगारवाढ ही कायद्याच्या अनुचित प्रथांच्या यादीत आहे. युनियनमध्ये गेलीस तर काढून टाकू अशी धमकी देणंही त्याच यादीत. मालकाने स्वतःच एक खिशातली युनियन उभी करणं, तेही. मग तुला एक दिवस बोलावून सांगतील, आजपासून तू सुपरवायझर. ही मेख लक्षात ठेव. देखरेखीचं काम आणि महिना अठरा हजारांच्या वर पगार झाला की, नोकरीवरून काढण्यासारख्या भांडणात कायदा तुला कामगार धरत नाही. नाव नुसतं सुपरवायझर, हात मात्र दिवसभर मशीनवर, असं असेल तर तू रोज काय काम करतेस याचा पुरावा ठेव.

पुढाऱ्याबद्दल तुझ्या मामांचं म्हणणं, 'सगळे पुढारी खातात.' काही खातात, नाही कशाला म्हणू! म्हणून त्याला विचार, घटनेची प्रत दाखवा. मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा, बँकेचं खातं युनियनच्या नावाचं आहे का, सह्या कुणाच्या. वर्गणीची पावती छापील आणि अनुक्रमांकाची हवी, वहीतल्या फाडलेल्या पानावरची नको. पदाधिकाऱ्यांत बाहेरची माणसं किती, तेही बघ. एक तृतीयांश किंवा पाच, यात जे कमी असेल त्याहून जास्त बाहेरचे चालत नाहीत, बाकीचे तिथे काम करणारे असायला हवेत. आणि बायकांच्या गाळ्याच्या कमिटीत सगळे पुरुष असतील, तर फॉर्म परत पर्समध्ये. प्रसूतीच्या रजेचं, रात्रपाळीच्या गाडीचं, मुकादमाच्या हाताचं दुखणं तिथे कोण मांडणार?

तुझ्यासोबतची ती आदिवासी पाड्यावरून येणारी मुलगी म्हणाली ना, 'आमाला लिहिता येत नाय, आमचं काय युनियनमध्ये?' तिला उसगाव माहीत असेल, विचार तिला. आपल्याच वसई तालुक्यात आहे, श्रमजीवी संघटनेचं गाव. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या घरी-शेतावर राबायचं, ही रीत ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. लग्नगडी म्हणायचे त्यांना. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर तलासरी-डहाणू-उंबरगावचे वारली याच वेठीविरुद्ध उठले. १९७६ मध्ये वेठबिगारी बंदीचा कायदा झाला, तरी आपल्या तालुक्यात ती चालूच होती. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना काढली ती अशाच वेठबिगारांना सोडवता सोडवता. ज्यांना मालकाला नुसतं 'नाही' म्हणायचीही सोय नव्हती, त्यांनी संघटना केली. अंगठा उठवणाऱ्याचं सभासदत्व सही करणाऱ्याइतकंच पक्कं असतं, कायदा त्यात फरक करत नाही. तिला सातांत घ्या. अशा मुली मागे हटत नाहीत, हा माझा अनुभव.

आता घरचं. तुझं लग्न ठरवायला घेतलं आहे, आणि 'युनियनवाली' म्हटलं की स्थळ बिचकेल असं मावशीला वाटतं. बिचकू दे. जो मुलगा बायकोच्या पगारावर डोळा ठेवतो पण तो पगार कसा वाढला हे त्याला ऐकायचं नाही, त्याच्या घरी तुझं जमणार नाही.

परवा फॉर्म देताना त्याचा मोबाइलवर फोटो काढ, पुढून-मागून. वर्गणी दिलीस की पावती तिथेच माग. 'उद्या देतो' म्हणाले तर वर्गणीही उद्याच दे. बैठक गाळ्याच्या दारात किंवा चहाच्या टपरीवर नको, तिथे मुकादमाचे कान असतात. माझ्याकडे या, सातच्या सात जणी. एक कोरी वही घेऊन ये, पानांवर नंबर टाकलेली. पहिल्या पानावर तारीख, कोण कोण हजर, काय ठरलं. अक्षर तुझं बरं आहे, तूच लिही. आणि चहा सगळ्यांचा मी करीन, पण साखरेचे पैसे निधीतून घेईन, त्याचीही नोंद कर.